बिनकार्डाचा

गोजराबाईची पारख साऱ्या मुळशीला ठाऊक होती, आणि ज्याला ठाऊक नसेल त्याला ती स्वतः सांगायची. म्हैस घ्यायची तर गोजराबाईनं आधी तिच्या पाठीवरून हात फिरवावा. सून करायची तर गोजराबाईनं पोरीकडं पाणी मागावं आणि तांब्या कसा धरते ते बघावं. भाताचं बी ती दाताखाली फोडून सांगायची, की हे उगवेल का नुसतं चिखलात झोपून राहील. शाळा दुसरीपर्यंत. सही येत होती, आणि ती अशी दाबून करायची की कागद पलीकडून फुगायचा. आपलं चुकलं असं तिनं उभ्या जन्मात म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. नवरा, आबा, शेवटच्या दुखण्यात तिला म्हणाला होता, माझ्यावर कधी चुकून रागावली असशील तर सोडून दे. ती म्हणाली, चुकून न्हाई रागावले कधी.

तर लॅपटॉप निवडायला कोण जाणार, हा त्या घरात प्रश्नच नव्हता.

लॅपटॉप हवा होता नमूला. नमू म्हणजे नम्रता, गोजराबाईच्या लेकाची, अभयची एकुलती एक लेक. हिंजवडीला माणच्या रस्त्यावर अनिमेष म्हणून एकाचा स्टुडिओ होता, तिथं ती लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. एडिट म्हणजे काय करतीस गं, असं गोजराबाईनं एकदा विचारलं होतं. नमू म्हणाली, आजी, तू तांदूळ निवडतीस ना, तसंच. लग्नात दिवसभर कॅमेरे सगळं टिपत बसतात, त्यातले खडे काढायचे आणि तांदूळ ठेवायचे. गोजराबाईला हे एकदम पटलं. त्या दिवसापासून कुणी विचारलं की ती सांगायची, आमची नमी लग्नं निवडती.

मग एका संध्याकाळी स्टुडिओतून सुटून नमू बसची वाट बघत उभी होती, तेव्हा एका कंपनीच्या कॅबनं तिला उडवलं. ड्रायव्हरला डुलकी लागली होती. पाय दोन जागी मोडला, आत सळ्या घातल्या. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी रस्ता विसरा, आणि पुढंही पाय पहिल्यासारखा होईल असं माझ्याकडून कबूल करून घेऊ नका. अभय स्वतः कंपनीची कॅब चालवायचा. तोच रस्ता, तीच वेळ, तीच झोप. तो घरी यायचा, जेवायचा, आणि लेकीच्या खाटेकडं न बघता आडवा व्हायचा.

नमूनं भिंतीकडं तोंड केलं ते केलं. तिची आई रुपाली धरणाकाठच्या रिसॉर्टवर खोल्या झाडायला जायची, म्हणून दिवसभर घरात आजी आणि नात दोघीच. गोजराबाईनं पोरीला रागावून बघितलं, चिडवून बघितलं, गावठी कोंबडीचा रस्सा करून बघितला. पोरगी उत्तर द्यायची, पण ते भिंतीला. केसांना हात लावू द्यायची नाही. गुंता इतका झाला की गोजराबाई एकदा म्हणाली, जट आली की लोक देवाला सोडत्यात, आपल्यात तर देवच न्हाई, आता तुला सोडू कुटं? समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते. एरवी अशा बोलण्याला नमू खळखळून हसली असती. त्या दिवशी तिनं नुसती चादर वर ओढली.

अशात अनिमेषचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, पण धंदेवाला होता. त्याचं म्हणणं असं, की लग्नाचा हंगाम सुरू झाला आहे. पहिलंच लग्न मोठं, तेही मुळशीच्याच धरणावर नुकतंच झालेलं, आणि नवरी लगेच परदेशी जायची आहे, तेव्हा फिल्म वेळेत हवी. नमूला घरी बसून करायची असेल तर तो सगळं शूटिंग डिस्कवर घालून पाठवेल. हे जमलं तर हंगामातली सगळी लग्नं तिचीच. पण मशीन तिचं तिनं आणायचं, आणि ते असं हवं की हे काम त्याला झेपलं पाहिजे. नाही जमलं तर तिच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवावं लागेल, खुर्ची रिकामी ठेवून त्याचं भागणार नाही.

नमूनं फोन ठेवला. भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं आणि म्हणाली, "आजी, फणी कुटं हाय?"

गोजराबाईला एवढं पुरे होतं.

कॅबच्या मालकानं पायापोटी काही पैसे दिले होते. थोडे सळ्या काढायच्या ऑपरेशनला राखून ठेवले होते, बाकीचे गोजराबाईच्या पेटीत होते. घरात कुणाला त्यांचा विषय काढायची हिंमत नव्हती, कारण ती त्यांना पायाचे पैसे म्हणायची आणि म्हणताना दात खायची. त्या दिवशी तिनं आपण होऊन पेटी उघडली. पोरीच्या पायाचे पैसे पोरीलाच पाय देतील, म्हणाली.

नमूनं बापाच्या फोनवर सगळं लिहून पाठवलं, कोणता घ्यायचा, आत काय काय असलं पाहिजे. पण आजी जाणार म्हटल्यावर आजीलाही शिकवून ठेवलं. बाकी काही लक्षात ठेवू नकोस, म्हणाली, फक्त एक ठेव. कार्डवाला घ्यायचा. कार्ड नसेल तर कितीही देखणा असू दे, घ्यायचाच नाही, उठून यायचं. गोजराबाईनं ते तिच्यासमोर म्हणून दाखवलं. कार्डवाला. कार्ड नसंल तर उठून यायचं. कार्ड म्हणजे काय हे मात्र तिनं विचारलं नाही. तिला विचारायची गरज वाटली नाही. कार्डं तिला ठाऊक होती. सरकारी काम असो का दवाखाना, हल्ली कार्ड दाखवल्याशिवाय पुढचा माणूस मान वर करत नाही. तिनं आधार कार्ड, पिवळं रेशनकार्ड, एसटीचं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड आणि दवाखान्याचं कार्ड, सगळी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी कमरेला खोचली.

निघताना शेजारची चंद्राबाई ओट्यावर होती. तिनं विचारलं, म्हातारे, लॅपटॉपला बी पाणी मागनार काय गं? गोजराबाई म्हणाली, तुज्या सुनंला मागितलं आसतं तर आज तू भांडी घासत बसली नसतीस. आणि गाडीत जाऊन बसली.

हिंजवडीच्या त्या रस्त्याला गाडी उभी करायला जागा नाही. दुकानासमोर अभयनं ब्रेक दाबला न दाबला, मागून हॉर्नचा गलका उठला आणि पोलिसानं पुढं काढायला लावली. अभय म्हणाला, आये, तू उतर, आत बस, कशाला हात लावू नको. मी वळसा घालून येतो, मग दोघं बघू. फोन त्याच्याकडं, फोनमधलं लिहिलेलं त्याच्याकडं. तो वळसा घालायला गेला आणि पुढच्या चौकात अडकला, जसा रोज अडकतो.

आता गोजराबाई बसून राहिली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण दुकानात बसायला सांगितलेल्या म्हातारीसारखं बसणं तिच्या अंगात नव्हतं. काचेचं दुकान, आत थंडगार, भिंतीला रांगेनं उघडे लॅपटॉप, आणि प्रत्येकात एक पोपट उडतोय. हिरवा, लाल, निळा. इतका साफ की पिसावरचा थेंब दिसावा. ती एका टोकापासून बघत निघाली. शर्टाला नावाची पट्टी लावलेला एक विक्रीवाला मागोमाग आला आणि कशासाठी हवा ते विचारू लागला. ती म्हणाली, व्हिडिओच्या कामासाठी. त्यानं सांगितलं, व्हिडिओ तर ह्यात एकदम मस्त चालतो, आणि पोपटाकडं बोट केलं.

तो चंदेरी होता, वहीएवढा पातळ. शेजारी एक काळा होता, जाडजूड, मागं जाळ्या असलेला, बैलासारखा बसलेला. गोजराबाईचा हात आपसूक काळ्याकडं गेला. पाठीवरून फिरवला. वजन होतं. तिला तो आवडला. तिनं विचारलं, हा कसला? विक्रीवाला हसून म्हणाला, तो गेमवाला आहे आजी, पोरं खेळतात त्याच्यावर.

"खेळायचा नको," गोजराबाई म्हणाली. "कामाचा पायजे."

आणि हात काढून घेतला.

मग तिला पाठ केलेलं आठवलं. तिनं विचारलं, कार्डवाला हाय का? विक्रीवाल्याला वाटलं, म्हातारी हुशार आहे, बँकेच्या कार्डावरची सूट विचारते आहे. तो म्हणाला, हो, कार्डवर ऑफर चालू आहे, कोणतं कार्ड आहे तुमच्याकडे? गोजराबाईला बरं वाटलं. नमी सांगत होती ते खरंच होतं. तिनं कमरेची पिशवी काढली आणि काचेच्या टेबलावर एकेक कार्ड मांडलं, आधार, दवाखाना, एसटी, आणि सगळ्यात शेवटी पिवळं रेशनकार्ड. ते रेशनकार्ड तिनं पौडच्या कचेरीत हेलपाटे घालून, साहेबाच्या दारात बसून मिळवलं होतं. तिला त्याचा अभिमान होता.

विक्रीवाल्यानं आधी कार्डांकडं बघितलं, मग काउंटरवरच्या मुलीकडं. ती तोंडावर हात धरून वळली. तो हसत म्हणाला, "आजी, ह्याच्यावर तांदूळ मिळतो. लॅपटॉप नाही मिळत."

पलीकडं कुणी तरी हसलं. लॅपटॉप बघायला आलेली दोन-तीन माणसं वळून बघू लागली.

गोजराबाईनं कार्डं गोळा केली. सावकाश. एकावर एक ठेवून, कडा जुळवून. तिला असं हसणं नवं नव्हतं. कचेरीत, दवाखान्यात, बाजारात, लहानपणापासून ते कुठं कुठं ऐकलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी तिनं उत्तर देऊन मान वर ठेवली होती. तशीच आताही ठेवली.

"तांदूळ आमी पिकवतो, बाळा. तुज्या ताटात येतो तो," ती म्हणाली. "मला तुजं कार्डबिर्ड काय नको. बिनकार्डाचा दे. रोख देते."

तो ओशाळला. चंदेरीच का, त्यानं विचारलं, कार्ड नको ना नक्की? एकदा सांगितलं की, गोजराबाई म्हणाली. त्यानं खोका फोडला, लॅपटॉप चालू करून दाखवला, पोपट उडाला, तिनं दाबून सही केली. अभय घामाघूम होऊन दाराशी आला तेव्हा खोका तिच्या मांडीवर होता.

गाडीत अभयनं विचारलं, आये, कार्डवाला बघितलास ना? नमीनं लई बजावलंय.

दुकानात काय झालं ते लेकाला सांगायचं म्हणजे ते हसणं पुन्हा एकदा ऐकायचं. गोजराबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सगळं बगून घेतलंय. तू फुडं बग."

घरी नमू खाटेवर उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले, वेणी घातलेली, मोडका पाय फळीवर सरळ ठेवलेला. तिनं खोका हातात घेतला. बाजूला चिकटवलेला कागद वाचला. मग पुन्हा वाचला. गोजराबाई तिचं तोंड बघत होती. म्हशीच्या डोळ्यात बघून दुखणं ओळखणारी बाई ती, नातीच्या तोंडावरचं तिला कळणार नाही असं कसं होईल. पण पोरीनं काही बोलायच्या आत अभय दारातून म्हणाला, बरोबर हाय ना गं? त्याच्या आवाजात इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडी उभारी होती.

नमूनं बापाकडं बघितलं, मग आजीकडं. म्हणाली, "चालंल, पप्पा."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओचा माणूस डिस्क देऊन गेला. नमूनं ती जोडली आणि काम उघडलं. गोजराबाई खाटेच्या पायथ्याशी बसली. पडद्यावर आपलंच धरण, मागं आपलाच डोंगर, काठावर फुलांचा मांडव. आणि मांडवात नवरी. नवरीनं हार उचलला, वर नेला, नवऱ्यानं मान पुढं केली. आणि हार तिथंच राहिला. नवरीचे हात वर, हार अधांतरी, नवऱ्याची मान वाकलेली.

गोजराबाईनं वाट बघितली. मग म्हणाली, घाल की गं बाई, हात दुखतील.

नमू हसली. अपघातानंतर पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "नवरी थांबली न्हाई, आजी. मशीन थांबलंय. त्याला झेपत न्हाई."

मग तिनं आजीला कार्ड म्हणजे काय ते सांगितलं. ते आपल्या खिशातलं कार्ड नव्हे. ते मशीनच्या आतच असतं. चित्रं ओढायचा बैल म्हण. साधा व्हिडिओ नुसता बघायचा असेल तर त्याच्यावाचून चालतं, पण लग्नं निवडायची तर तोच लागतो. बिनबैलाची गाडी आहे ही. गोजराबाईनं विचारलं, मग ते कार्ड कशात आसतंय? नमू म्हणाली, जाड असतात त्यात. बहुतेक काळे, मागं जाळ्या. लोक त्यांना गेमवाले म्हणतात.

गोजराबाईच्या तळव्याला ती काळी पाठ पुन्हा लागली.

नमूनं हळूच विचारलं, कार्डवाला मागितला होतास ना? गोजराबाई म्हणाली, मागितला होता. ते खोटं नव्हतं. पुढचं ती बोलली नाही, आणि नमूनंही विचारलं नाही. पोरीनं भांडावं, खोका फेकावा, म्हातारीला चार शब्द ऐकवावेत, तर गोजराबाईला त्याची उत्तरं होती. न विचारण्याला तिच्याकडं काही नव्हतं.

सकाळी उठून, कुणाला न सांगता, तिनं लॅपटॉप शालीत गुंडाळला आणि पौडवरून बस बदलत हिंजवडी गाठली. दुकानात तेच पोपट उडत होते. विक्रीवाल्यानं तिला ओळखलं. या वेळी तो हसला नाही, खुर्ची दिली. तिनं सांगितलं, हा परत घे आणि तो काळा दे, वरचे पैसे हळूहळू देते. तो म्हणाला, खोका फोडलेला माल कंपनी परत घेत नाही. बरं, मग ह्याच्यातच कार्ड बसवून दे, सिमकार्ड बसवत्यात तसं. तो म्हणाला, ते नंतर बसत नाही आजी, कारखान्यातच बसवून येतं. तुम्हाला व्हिडिओ बनवायचे होते हे बोलला असतात तर मीच तो काळा दिला असता. मी तुम्हाला विचारलं होतं, कार्ड नको ना नक्की. तुम्हीच म्हणालात, बिनकार्डाचा.

"ते तू हसलास म्हणून म्हनले," गोजराबाई म्हणाली.

विक्रीवाल्याला तो दिवस आठवला असावा, कारण त्यानं टेबलावर, जिथं तिनं कार्डं मांडली होती, तिथं बघितलं. मग तो उठून आत मॅनेजरकडं गेला. बराच वेळ गेला. परत आला तेव्हा नुसती मान हलवली. म्हणाला, सिस्टीम घेत नाही.

गोजराबाईनं हात जोडले. कचेरीतल्या साहेबापुढं जोडले नव्हते, आबाला दवाखान्यात आत घेत नव्हते तेव्हा जोडले नव्हते, तिथं ती भांडली होती. इथं भांडायला समोर कुणी नव्हतं. सिस्टीम कुठं बसते हे तिला कुणी दाखवलं असतं तर ती तिच्या दारात जाऊन बसली असती. विक्रीवाला दुसरीकडं बघत म्हणाला, असं नका करू आजी. तिनं हात खाली घेतले, शाल गुंडाळली आणि बाहेर आली. काळा तिथंच होता. त्याच्यातही पोपट उडत होता.

घरी आली तर नमू म्हणाली, कुटं गेली व्हतीस मशीन घेऊन, मला एक वाट सापडली. वाट अशी होती, की लग्नाची सगळी मोठी चित्रं बारीक करून घ्यायची, बारकी मशीनला पेलतात. बारक्यांवर निवडायचं काम उरकायचं आणि शेवटी एकदाच, अगदी शेवटी, मोठी चित्रं त्यांच्या जागी घालायची. तेवढं एकदा ओढलं की झालं. त्यात लई वेळ जाईल, पण जाऊ दे.

आणि खरंच, काम चाललं. मशीन रडतखडत चालायचं, तापायचं, आत पंखा घरघरायचा, पण चालायचं. नवरीनं हार घातला. नवऱ्यानं घातला. अक्षता पडल्या. नमू सकाळी उठून स्वतः वेणी घालायची. जेवताना बापाशी बोलायची, आणि अभय लेकीकडं बघत जेवायचा. नवरीची आई कशी रडताना मध्येच केटरिंगवाल्याला ओरडते, ते नमूनं आजीला दाखवलं आणि म्हणाली, हे खडा म्हणून काढू का तांदूळ म्हणून ठेवू? गोजराबाई म्हणाली, ठेव, खरी बाई तेवढीच दिसती त्या मांडवात. मशीन फार तापलं की गोजराबाई त्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन वारा घालायची. तापानं फणफणलेल्या लेकराजवळ बसावं तशी बसायची. नमू म्हणायची, आजी, तुज्या वाऱ्यानं काय हुतंय. गोजराबाई म्हणायची, तू तुजं काम कर.

चंद्राबाई एकदा डोकावून गेली आणि विचारलं, कसा काय निघाला? नमूनं मान वर न करता सांगितलं, आजीनं निवडलाय, चांगलाच असनार. गोजराबाईनं पुठ्ठा जोरात हलवला.

शेवटचं ओढणं आलं त्या दिवशी रुपालीनं रिसॉर्टवरून सुट्टी घेतली. नमूनं बटण दाबलं आणि सगळे बसले. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जात होती. अर्धी भरली आणि मशीन काळं पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा अर्ध्यात गेलं. नमूनं लग्नाचे तुकडे केले आणि एकेक तुकडा ओढायला लावला. पहिला निघाला, आणि रुपालीनं चहा ठेवला. दुसऱ्याला मशीन बंद पडलं, आणि उठलं तेव्हा पहिलाही त्यानं खाल्ला होता. गोजराबाई वारा घालत होती. हात भरून आला तरी थांबली नाही. मशीनला हात लावला तर तव्यासारखं. चहा चुलीवर आटला, कुणी उतरवला नाही.

अनिमेषनं दिलेली मुदत संपली. त्यानं आणखी थोडी दिली, तीही संपली. अभय म्हणाला, सळ्या काढायचे पैसे हायेत, त्यातून कार्डवाला आणू. नमू म्हणाली, पप्पा, त्याला हात लावायचा न्हाई, एक पाय तरी राहू दे मला. मग अनिमेषचा फोन आला. तो चांगलंच बोलला. निवड फार छान केली आहेस, म्हणाला, पण फिल्म हातात हवी, नवरीचं विमान थांबत नाही. शेवटचं ओढणं इथं उरकून घेतो, पण दर लग्नाला ते जमणार नाही. पुढची कामं दुसऱ्या मुलीला दिली आहेत. तू पाय बरा कर आणि ये, तेव्हा बघू. दुपारी स्टुडिओचा माणूस येऊन डिस्क घेऊन गेला. जाताना त्यानं विचारलं, मशीन खराब निघालं का? नमू म्हणाली, "हां, खराब निघालं. कंपनीचीच चूक."

गोजराबाई दारात उभी होती. तिची चूक आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी तिच्या अंगावरून दुसरीकडं ढकलत होतं, आणि ते करताना पोरीचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. तिला वाटलं, पुढं व्हावं आणि सांगावं, कंपनीची न्हाई. मी म्हनले बिनकार्डाचा. तोंड उघडलंही. पण त्या माणसानं मोटरसायकल चालू केली होती, आणि आता ऐकून कुणाचं काय भलं होणार होतं.

नमूनं फणी कोनाड्यात ठेवायला दिली, उशी नीट केली आणि भिंतीकडं तोंड केलं.

चार दिवसांनी चंद्राबाई आली. मशीन एवढं आणलंय तर आमाला बी दाव की काय दिसतंय, म्हणाली, आणि खाली बसली. गोजराबाई हाकलणार होती, पण खाटेवरून नमू भिंतीकडंच बघत म्हणाली, आजी, ते मधलं बटण दाब, दाव त्यांना. गोजराबाईनं दाबलं. दुकानातला पोपट आला. हिरवा, लाल, निळा. पंख पसरून तो एका फांदीवरून उठला आणि दुसरीवर जाऊन बसला, पुन्हा उठला. कुठं अडकला नाही, कुठं थांबला नाही.

चंद्राबाई गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिली. "पीस न पीस दिसतंय की गं," ती म्हणाली. या बाईच्या तोंडून गोजराबाईनं कधी चांगला शब्द ऐकला नव्हता. "काय बी म्हन, गोजरे, पारख हाय तुला."

खाटेवरची चादर हलली नाही.

गोजराबाईचा हात सवयीनं पुठ्ठ्याकडं गेला. तिनं तो उचलला, आणि मग दुसरा हात मशीनच्या पाठीवर ठेवून बघितला. ते गार होतं.